सहावा नंबर

एक प्रश्न विचारू? तुमच्या टीममधलं कुणी सध्या लांबच्या रजेवर आहे का? लाँग वीकेण्डला अलिबागला गेलेलं नाही हं. बाळंतपण, ऑपरेशन, आईचं आजारपण, असल्या रजेवर. असेल, तर त्या व्यक्तीच्या खुर्चीत आत्ता कोण बसतंय आणि तिच्या क्लायंटचे फोन कोण घेतंय, एवढं फक्त डोक्यात ठेवा. आपण परत येणार आहोत तिकडे. आधी जरा बर्फावर जाऊन येऊ.

फेब्रुवारी २०१०. मी तेव्हा लोअर परळच्या एका अ‍ॅड एजन्सीत अकाउंट एक्झिक्युटिव्ह होते. वय पंचवीस, पगार बेताचा, अ‍ॅटिट्यूड मात्र सॉल्लिड. त्या आठवड्यात ऑफिसात जो तो एकच लिंक फॉरवर्ड करत होता. ‘अगं बघ, ऑलिंपिकमध्ये कजरा रे!’ आणि खरंच होतं. व्हँकुव्हरच्या विंटर ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट ही जोडी बर्फावर चक्क बॉलिवूड करत होती. आइस डान्सच्या एका फेरीला त्या वर्षी लोकनृत्याची थीम होती. त्यात या दोघांनी ‘कजरा रे’, ‘सिलसिला ये चाहत का’ आणि ‘डोला रे’ अशी तीन गाणी जोडली होती. हाताच्या मुद्रा, मानेचे झटके, सगळं धारदार ब्लेडवर उभं राहून. आम्ही तर फिदाच. लंच अवरमध्ये चार जणी एका मॉनिटरसमोर डबा उघडून बसलो होतो.

तोपर्यंत आइस डान्स म्हणजे काय हे मला ओ की ठो माहीत नव्हतं. पण एक व्हिडीओ बघितला की बाजूला दुसरा दिसतो, तुम्हाला माहीतच आहे. तसं करत करत त्या स्पर्धेतल्या पहिल्या आठ-दहा जोड्या बघून झाल्या. कॅनडाची तेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मोयर गोल्ड घेऊन गेली, आमचे कजरा रे वाले सिल्व्हर, रशियाची जोडी ब्राँझ. आणि सहाव्या नंबरवर एक फ्रेंच जोडी होती. इझाबेल देलोबेल आणि ऑलिव्हिए शोनफेल्डर. त्यांच्याबद्दल दोन गोष्टी कळल्या. एक, ही जोडी दोन वर्षांपूर्वी वर्ल्ड चॅम्पियन होती. दोन, इझाबेलचं बाळ जेमतेम साडेचार महिन्यांचं होतं.

माझी तेव्हाची प्रतिक्रिया प्रामाणिकपणे सांगते. मी म्हटलं, ‘बिचारी. वर्ल्ड चॅम्पियनची सहावी झाली.’ आणि पुढचा व्हिडीओ लावला.

आता ज्यांना हा खेळ अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. फिगर स्केटिंगमध्ये जोडीचे दोन प्रकार असतात. एकात मुलगा मुलीला हवेत भिरकावतो, ती तीन गिरक्या घेऊन खाली उतरते, आपण श्वास रोखतो. तो प्रकार ‘पेअर्स’. आइस डान्स वेगळा. त्यात फेकाफेकी नाही, मोठ्या उड्या नाहीत, डोक्याच्या वर उचलणं नाही. मग उरतं काय? तर ताल, ब्लेडच्या कडेवरची पकड, आणि दोघांमधलं अंतर. जोडीदारांनी एकमेकांपासून दोन हातांपेक्षा लांब जायचं नाही, असा नियमच होता. एकाची चूक लपवायला दुसऱ्याकडे एखादी भारी उडी नसते. सगळी मदार एकमेकांवर. म्हणून या खेळात जोडीदार मिळणं आणि टिकणं ही निम्मी करिअर असते.

इझाबेलला हा जोडीदार मिळाला १९९० मध्ये. ती मूळची मध्य फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँची, जन्म जून १९७८ चा. तिची जुळी बहीण व्हेरोनिकसुद्धा आइस डान्सरच. म्हणजे घरात बर्फाशिवाय दुसरा विषय निघत असेल असं वाटत नाही. इझाबेल आणि ऑलिव्हिए एकत्र स्केटिंग करायला लागले तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि तोही तेवढाच. आपण त्या वयात सहावी-सातवीत बाकावर कोण शेजारी बसणार यावरून भांडत होतो. या दोघांनी त्या वयात धरलेला हात वीस वर्षं सोडला नाही.

ही दोघं तयार झाली लिऑन शहरात, म्युरिएल झाझुई या कोचकडे. आता गंमत बघा. त्याच रिंकवर, त्याच कोचकडे आणखी एक जोडी होती आणि ती जगातली सर्वोत्तम होती. मरिना अनिसिना आणि ग्वेंदाल पेझेरा. २००० मध्ये वर्ल्ड चॅम्पियन, २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीला ऑलिंपिक गोल्ड. त्याच ऑलिंपिकमध्ये इझाबेल-ऑलिव्हिए सोळावे आले. रोज सकाळी ज्यांच्याबरोबर बुटाच्या नाड्या बांधायच्या ते सोनं घेऊन येणार आणि आपण सोळावे. शेजारच्या क्युबिकलमधल्या मित्राला प्रमोशन मिळालं की आपण पेढा खातो आणि तो घशात अडकतो ना? तसं काही त्यांना वाटलं की नाही, देव जाणे. रिंक मात्र सोडली नाही.

या मरिना अनिसिनाची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण पुढे ती लागणार आहे. ती मूळची रशियन. इल्या अवेर्बुख हा तिचा जोडीदार होता, दोघं ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियनही झाले होते. मग इल्याने जोडीदार बदलली. इरिना लोबाचेव्हाबरोबर स्केटिंग सुरू केलं. मरिना एकटी पडली. तिने फ्रान्समधल्या ग्वेंदालला पत्र पाठवलं, देश सोडला, लिऑनला आली आणि शून्यापासून सुरुवात केली. २००२ ला गोल्ड तिचं आणि सिल्व्हर कुणाचं? इल्या आणि इरिनाचं! सिनेमात दाखवलं तर ‘काहीही हं’ म्हणाल. पण या खेळात जोडीदार बदलणं ही एवढी साधी बाब आहे. पटलं नाही, उंची जुळली नाही, दुखापत झाली, दुसरी चांगली मिळाली, की बदलली. आपल्याकडे जॉब बदलतात तसं.

त्या २००२ च्या ऑलिंपिकमध्ये आणखी एक भानगड झाली. पेअर्सच्या निकालावरून परीक्षकांच्या साट्यालोट्याचं प्रकरण निघालं, जगभर बोंबाबोंब झाली, आणि सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत काही वर्षांत मोडीत निघाली. नवीन पद्धतीत प्रत्येक पावलाचे, प्रत्येक लिफ्टचे वेगळे गुण. म्हणजे इझाबेलच्या ऐन करिअरच्या मध्यावर अप्रायझलची सिस्टीमच बदलली. जिने सिस्टीम बदलताना काम केलंय तिला विचारा, काय होतं ते. आधीची सगळी गणितं पाण्यात.

ही जोडी नव्या सिस्टीममध्ये वर आली. पण कुठपर्यंत? चौथ्यापर्यंत. २००५ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप, मॉस्को, चौथा नंबर. २००६ चं तुरिन ऑलिंपिक. तिथे ओरिजिनल डान्सच्या रात्री बर्फावर नुसती पडापड झाली. पहिल्या फेरीनंतर आघाडीवर असलेली इटलीची जोडी आपल्याच प्रेक्षकांसमोर पडली. कॅनडाची मारी-फ्रान्स दुब्रुई लिफ्टमधून खाली आली आणि इतकी लागली की पुढच्या फेरीत उतरूच शकली नाही. वरचे असे गळत असताना इझाबेल-ऑलिव्हिए कुठे आले? चौथे. मग जानेवारी २००७ ला वॉर्साला युरोपियन चॅम्पियन झाले. आता झालं काम, असं वाटेपर्यंत मार्चमध्ये टोकियोची वर्ल्ड चॅम्पियनशिप आली. नंबर? बरोबर ओळखलंत.

चौथा नंबर हा फार वाईट नंबर असतो. दहाव्याला माहीत असतं आपण दहावे आहोत, तो घरी जाऊन जेवतो. चौथा पोडियमच्या इतका जवळ उभा असतो की त्याला तिघांच्या गळ्यातली मेडल्स मोजता येतात. ‘शॉर्टलिस्टमध्ये तुमचं नाव होतं हं’ असं एचआरवाले गोड आवाजात सांगतात ना, तो हा नंबर. आणि मग घरचे म्हणतात, ‘अगं पण चौथी आलीस ना!’ तेव्हा तर डोकंच सटकतं.

मार्च २००८. स्वीडनमधलं गोथेनबर्ग. फ्री डान्सला त्यांनी ‘द पियानो’ या सिनेमाचं मायकेल नायमनचं संगीत घेतलं होतं. सिनेमाची नायिका बोलत नाही, तिचं बोलणं म्हणजे तिचा पियानो. तो डान्स तुम्ही कधी तरी नक्की बघा. धमाका वगैरे काही नाही. एक बाई आणि एक पुरुष, न बोलता एकमेकांना काहीतरी सांगू पाहतायत, एवढंच. पण अठरा वर्षं एकत्र स्केटिंग केलेल्या दोन माणसांनाच तसं करता येईल, हे आपल्यासारख्या अडाण्यालाही कळतं. तिचा हात मागे जातो तेव्हा ती मागे बघत नाही. त्याचा हात तिथे असणारच आहे.

त्या दिवशी ते पहिले आले. वय एकोणतीस आणि तीस. सिल्व्हर घेतलं विशीच्या आसपासच्या तेसा आणि स्कॉटने, म्हणजे पुढच्या ऑलिंपिक चॅम्पियननी. आणि गेल्या तीन वर्षांत वारंवार यांच्या पुढे राहिलेली अमेरिकेची बेल्बिन-अगोस्टो जोडी त्या वेळी चौथी आली. कधी कधी देवाघरी न्याय असतो. निदान उशिराने तरी.

पुढचा सीझन त्यांचाच होता. डिसेंबर २००८ ला कोरियात ग्रां प्री फायनलही जिंकली. व्हँकुव्हर चौदा महिन्यांवर. फ्रान्सची गोल्डची आशा म्हणून यांच्याकडे बघायला कुणाची हरकत नव्हती.

आणि मग खांदा गेला. २००९ च्या सुरुवातीला इझाबेलच्या खांद्याची दुखापत इतकी वाढली की सीझन अर्धवट सोडावा लागला, ऑपरेशन करावं लागलं. युरोपियन चॅम्पियनशिप गेली. वर्ल्ड टायटल राखायला लॉस एंजलिसला जायचं होतं, तेही गेलं. बर्फावर न उतरताच मुकुट दुसऱ्यांकडे गेला. त्याच काळात कळलं की ती आई होणार आहे. १ ऑक्टोबर २००९ ला मुलगा झाला. ऑलिंपिकची आइस डान्सची पहिली फेरी होती १९ फेब्रुवारी २०१० ला. कॅलेंडर काढून मोजा. एकशे एक्केचाळीस दिवस.

फ्रान्समध्ये नोकरदार बाईला पहिल्या बाळंतपणाला सोळा आठवड्यांची रजा मिळते. सहा आधीचे, दहा नंतरचे. म्हणजे एखादी फ्रेंच बाई ऑफिसात परत येऊन लॉगिन पासवर्ड आठवत बसलेली असते, त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत इझाबेल ऑलिंपिकच्या बर्फावर होती. ऑपरेशन झालेला खांदा, बाळंतपणातून उठलेलं शरीर, तुटलेली झोप. आणि मधल्या वर्षभरात जगातल्या इतर जोड्या थांबल्या नव्हत्या. तेसा-स्कॉट आणि मेरिल-चार्ली ही दोन तरुण वादळं तोवर कुठल्या कुठे गेली होती.

तिन्ही फेऱ्या ते खेळले. पहिली फेरी कंपल्सरीची, टँगो रोमँटिका. या फेरीत सगळ्या जोड्यांनी एकाच तालावर, ठरवून दिलेली तीच पावलं टाकायची. म्हणजे लपायला जागाच नाही, कोण किती पाण्यात आहे ते लख्ख दिसतं. ऑलिंपिकमधली ही शेवटची कंपल्सरी फेरी, त्याच वर्षी ती बंद झाली. मग आपल्या कजरा रेची ओरिजिनल डान्सची फेरी. मग फ्री डान्स. निकाल, सहावा. दोघांनी तिथेच स्पर्धेला रामराम केला. वीस वर्षं, एक वर्ल्ड टायटल, ऑलिंपिक मेडल शून्य.

ही झाली त्यांची गोष्ट. आता माझी.

त्याच फेब्रुवारीत आमच्या ऑफिसात माझी सीनियर बाळंतपणाच्या रजेवरून परत आली. तेव्हा आपल्याकडे कायद्याने बारा आठवडे मिळायचे. एजन्सीचा सगळ्यात मोठा क्लायंट तिने आणला होता. पाच वर्षं राबून, त्यांच्या चुका पोटात घालून, रात्री अकराला त्यांचे फोन घेऊन तो टिकवला होता. मला कॉपी-पेस्ट सोडून काही येत नव्हतं तेव्हा तिनेच मला मीटिंगला बरोबर न्यायला सुरुवात केली. ‘तू फक्त बघ, बोलू नकोस, नंतर मला सांग काय चुकलं,’ म्हणायची. ती रजेवर गेली तेव्हा तो क्लायंट माझ्याकडे आला. तात्पुरता, असं ठरलं होतं.

ती परत यायच्या आदल्या आठवड्यात बॉसने मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, ‘तिला आता घर, बाळ, धावपळ झेपणार नाही. तूच कंटिन्यू करतेस ना?’

मी ‘हो’ म्हणाले.

विचार करायला वेळ मागितला नाही. ‘तिला विचारलंत का?’ असंही म्हणाले नाही. खरं सांगायचं तर आनंद झाला होता. दोन मिनिटांत स्वतःला पटवूनही टाकलं की हे तिच्या भल्याचंच आहे. बाई दमलेली असणार, तिला हलकं काम मिळालेलं बरं. लोकांचं भलं आपण किती पटकन ठरवतो, नाही?

ती सोमवारी आली. खुर्ची तीच होती, टेबलावरचं कॅलेंडरही तेच होतं, पण तिच्याकडे दोन छोटे अकाउंट्स दिले होते. ती काही बोलली नाही. दुपारी मला म्हणाली, ‘त्यांच्या मार्केटिंग हेडला चहा बिनसाखरेचा लागतो, लक्षात ठेव.’ बस, एवढंच. सहा महिन्यांनी तिने राजीनामा दिला. आमच्यात चर्चा काय झाली? ‘बाळ झाल्यावर बायकांचं तसंच होतं गं, इंटरेस्टच राहत नाही.’ या चर्चेत मीही होते. माझ्या हातात तिच्याच निरोपाचा केक होता.

आणि हेही आठवतंय, की ‘बिचारी, सहावी आली’ असं मी त्याच फेब्रुवारीत, त्याच मॉनिटरसमोर म्हटलं होतं. दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

मग सात वर्षं गेली. डिसेंबर २०१६ ला माझी मुलगी झाली. मार्च २०१७ ला माझी बारा आठवड्यांची रजा संपली आणि १ एप्रिल २०१७ पासून नवा कायदा आला, सव्वीस आठवड्यांचा. माझं टायमिंग कायमच असं असतं. असो. मी परत आले. तोपर्यंत ऑफिस दुसरं होतं, पण प्रकार तोच. खुर्ची होती, क्लायंट नव्हता. एका चुणचुणीत मुलीकडे गेला होता. ती मला बघून इतकी गोड हसली की मला तिच्या जागी मीच दिसले. केकसकट.

त्या रात्री तीन वाजता मुलीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होते. फोनवर आवाज बंद करून काहीबाही बघत होते, आणि कसं कोण जाणे, ती फ्रेंच जोडी पुन्हा समोर आली. या वेळी मी सहाव्या नंबरची बाई बघितली नाही. तिच्यावरून माझी नजर सरकली आणि त्याच्यावर गेली. ऑलिव्हिएवर.

हा माणूस वर्ल्ड चॅम्पियन होता. वय एकतीस, पुढचं ऑलिंपिक हेच शेवटचं हे सांगायला ज्योतिषी नको. आणि बरोब्बर त्या वर्षी जोडीदाराचा खांदा गेला आणि मग ती आई होणार म्हणून बर्फापासून लांब गेली. ज्या खेळात इल्या मरिनाला सोडून जातो, जिथे जोडीदार बदलणं ही रोजची गोष्ट, तिथे वर्ल्ड चॅम्पियन मुलाला दुसरी पार्टनर शोधायला कुणी अडवलं असतं? ‘तिला आता झेपणार नाही’ असं म्हणायला किती सोपं होतं! व्यवहारी माणसाने तेच केलं असतं. मी तर त्याच्या निम्म्याहून कमी मोहात ते केलं होतं.

त्याने दुसरी शोधली नाही. तो थांबला. आणि ऑलिंपिकला गेला तो तिच्याबरोबरच. वर्षभर एकही स्पर्धा न खेळता, गोल्ड हातून निसटतंय हे दिसत असताना.

बरं, थांबून मिळालं काय? मेडल तर नाही. मी हे तुम्हाला गोड करून सांगणार नाही. तो थांबला म्हणून ते जिंकले, अशी ही गोष्ट नाही. थांबण्याची किंमत असते आणि त्याने ती पूर्ण भरली. पण तिला तिची जागा परत मिळाली. झेपतं की नाही हे तिने स्वतः, बर्फावर उतरून ठरवलं. तिच्या वतीने ते केबिनमध्ये बसून दुसऱ्या कुणी ठरवलं नाही. ती सहावी आली ते खेळून आली. माझ्या सीनियरला ना सहावं येता आलं, ना पहिलं. तिला आम्ही खेळूच दिलं नाही.

आम्ही म्हणजे बॉसने, असं मी बरीच वर्षं म्हणत होते. निर्णय त्यांचा होता हे खरंच. पण प्रश्न त्यांनी मला विचारला होता आणि उत्तर मी दिलं होतं. ‘हो’च्या ऐवजी ‘ती येऊ दे, मग तिघं बसून बोलू’ एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं? कदाचित क्लायंट तरीही माझ्याकडेच राहिला असता. कदाचित बॉस वैतागले असते, अप्रायझल थोडं घसरलं असतं. पण सोमवारी ती आली तेव्हा मी तिच्या डोळ्यांत बघू शकले असते.

मागच्या वर्षी मी तिला फोन केला. इतक्या वर्षांनी. नंबर एका जुन्या कलीगकडून मिळवला. तिचं आता स्वतःचं छोटं काम आहे, बरं चाललंय. मुलगा कॉलेजच्या उंबरठ्यावर. इकडचं तिकडचं झालं, आणि मग मी एका दमात सगळं बोलून टाकलं. केबिन, प्रश्न, माझं ‘हो’. पलीकडे जरा वेळ शांतता. मग ती म्हणाली, ‘मला वाटत होतं हे फक्त माझ्याच लक्षात आहे.’

‘जाऊ दे गं’ ती म्हणाली नाही. बरं झालं नाही म्हणाली ते. मग विचारलं, ‘त्यांचा मार्केटिंग हेड अजून बिनसाखरेचाच चहा पितो का?’ तो कधीच रिटायर झाला, म्हटलं. दोघी हसलो. फोन ठेवला.

तर आता आपण पहिल्या प्रश्नाकडे येऊ. तुमच्या टीममध्ये कोण रजेवर आहे?

मी तुम्हाला ऑलिव्हिए व्हा म्हणत नाही. वीस वर्षांचा हात वेगळा आणि ऑफिसातलं नातं वेगळं, एवढं कळतं मला. ईएमआय मलाही भरायचे आहेत. पण तिचं काम सांभाळताय ना, तर फोल्डरवर तिचंच नाव राहू द्या. महत्त्वाच्या मेलला तिला सीसीत ठेवा, वाचेल तेव्हा वाचेल. क्लायंटला सांगा, ‘मॅडम अमुक तारखेला परत येतायत.’ ती तारीख तुम्हीच सांगितली की क्लायंट तिची वाट बघतो. आणि केबिनमध्ये कुणी प्रेमाने विचारलंच, ‘तूच कंटिन्यू करतेस ना?’ किंवा ‘करतोस ना?’, तर उत्तर द्यायची घाई करू नका.

माझ्या टीममधली एक मुलगी पुढच्या महिन्यात रजेवर चाललीय. काल तिने मला हँडओव्हरची फाइल पाठवली. अगदी नीटनेटकी, शेवटी ‘थँक्स फॉर एव्हरीथिंग’ लिहिलेली. कायमची निघाल्यासारखी. मी ती ओळ खोडली, तिथे तिची परत यायची तारीख लिहिली आणि फाइल सगळ्या टीमला पाठवली. बॉसलासुद्धा.